आधी एक डाव, मग पाना

— नाही, तो पाना ठेवा ना आधी खाली. तिथं नको, बाकावर नको, बाकाचा रंग ओला आहे. कुणी लावला म्हणजे? मीच लावला सकाळी. बसणाऱ्याच्या पँटवर पट्टे उठतात, बाकी काही होत नाही, दोन-चार धुण्यांत जातात. इथं ठेवा, खांबापाशी. आणि ही काठी धरा. अशी नाही हो काका, ही काय पहार आहे? डावा हात वर, उजवा खाली, दोन्ही अंगठे जमिनीकडे — हां — आणि चेहरा असा करू नका, बॉलनं तुमचं काही घोडं मारलेलं नाही. तुम्हाला अट सांगितली नाही का कुणी? कमाल आहे मामाची, महत्त्वाचं तेवढं विसरतो. अट अशी की इथलं सामान जो उचलून नेणार त्यानं आधी एक डाव खेळायचा. आमच्या या मिनी गोल्फचा पूर्ण डाव, पहिल्या खड्ड्यापासून शेवटच्या पवनचक्कीपर्यंत. कुणाची अट म्हणजे? इथली. फार जुनी आहे, तुमचा ट्रक फाटकातून आत शिरला त्याच्याही आधीची. आता मी खोटं बोलेन का, माझ्याकडे बघा तरी. ओठ चावतेय ती सवय आहे माझी, हसू नाही ते.

आणि घाई कसली एवढी? ट्रक काही पळून जात नाही. मागचं डावं चाक तर मुळीच जात नाही कुठं — काही नाही, काही नाही, आपलं असंच म्हटलं, तुम्ही इकडे बघा. हा पहिला खड्डा. याला आम्ही पोरं टकलू म्हणायचो, मधे तो उंचवटा आहे ना, गुळगुळीत, त्याच्या माथ्यावरून बॉल पलीकडे न्यायचा. हळू मारला तर अर्ध्यात जाऊन परत पायाशी येतो, जोरात मारला तर थेट रस्त्यावर. मधला जोर लागतो. मामा म्हणतो, झोपलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण टाकताना लागतो तेवढा. मारा. — अगंबाई. काका, तो बॉल शेजारच्या छपरावर गेला. नाही, असू दे, असू दे, माझ्या खिशात आहेत, हे बघा, दोन्ही खिसे भरलेत. मी आज तयारीनंच बसलेय. पुन्हा. बाळ, काका, बाळ. तुम्ही बाळाला जागं करून मारताय.

हे बघा, गेला. गेला की नाही? मग. आता हसलात, मी बघितलं, मिशी हलली. तुम्ही लोखंड तोडता म्हणून काय झालं, हात हलका आहे तुमचा, नुसता सांगावा लागतो. मी? मी सोळाची. शाळेत नाही. शाळा मी नाही सोडली, शाळेनं मला सोडलं, तसं बघितलं तर चूक तिचीच आहे, घंटेची दोरी कुणी अशी जिन्यात उघडी ठेवतं का? मी फक्त ओढली. आता दुपारी ओढली आणि सगळी शाळा दप्तरं घेऊन घरी गेली यात माझा काय दोष, मास्तरसुद्धा गेले, गणिताचे तर सगळ्यात पुढे होते. मग आई म्हणाली, जा मामाकडे, मामा तुला सरळ करील. मामा. ज्यानं अर्धा जन्म सिमेंटच्या हत्तीबरोबर काढला तो मला सरळ करणार. मला फार बरं वाटलं बघा. सुट्टी लागली की मी इथंच यायची ना, दुडूदुडू चालायला लागले तेव्हापासून, आणि सुट्टी संपली की रडून गोंधळ. आता तर म्हटलं कायमचीच सुट्टी.

मामा? मामा दाढीला गेलाय. हो, न्हाव्याकडे. आता गंमत बघा, दाढी त्यानं सकाळीच केलेली, घरी, माझ्यासमोर, हनुवटी अशी चकचकीत की तीत तोंड बघावं. आणि जेवण झाल्यावर म्हणतो, तो भंगारवाला येईल, त्याला पवनचक्की काढून दे, मी जरा दाढी करून येतो. मी म्हटलं, कुणाची? तर चपला घालून निघाला. आता न्हावी बिचारा काय करणार, पावडर लावून बसवून ठेवणार. आणि जाता जाता फाटकातून मागे वळून काय म्हणाला — मामीला कामावर फोन बिन करू नकोस. आता असं मला सांगितल्यावर माझ्या डोक्यात काय येणार? तुम्हीच सांगा. — नाही, तुम्ही नका सांगू, तुम्ही बॉल बघा. चला, हत्ती.

तो लोहचुंबक ठेवा बरं खिशात. नाही चिकटणार. हत्ती सिमेंटचा आहे, आत नुसती जाळी, तुम्हाला त्यात काही मिळायचं नाही, उलट उचलताना पाठ धराल. हा असा सोंडेतून बॉल घालायचा, तो पोटातून गडगडत जातो आणि शेपटीखालून बाहेर — हसलात परत. सगळेच हसतात. लहान पोरं तर इथून हलायचीच नाहीत, आया ओढून न्यायच्या, ‘पुरे आता, घाण बोलू नकोस’ म्हणत, आणि आयांनाच हसू आवरायचं नाही. मारा. गेला सोंडेत, शाब्बास. आता मागे जाऊन थांबा, येईल. येईल की. जरा जुना हत्ती आहे, पचायला वेळ लागतो. — नाही आला? अरेच्चा. वाकून बघा बरं. हात घाला आत. अजून आत, कोपरापर्यंत. लागतंय का काही मऊ? चिंधी आहे ना? कुणी कोंबली असेल बाई, हल्ली पोरं कसलीही असतात. काका, तसंच राहा जरा, हत्तीच्या मागे एवढा मोठा माणूस असा हात घालून — मला बघू तरी द्या नीट — बरं, बरं, काढा. रागावू नका. तुमच्याइतका पटकन हात घालणारा मला आजवर भेटला नव्हता, बाकीचे आधी काठी घालतात.

नाही, जाऊ नका ना. खरंच माझी चूक. पाणी देऊ? बरं. एक मात्र सांगते, आमच्या काळी — हसू नका, आमचाही काळ होताच की, मी सात-आठ वर्षांची होते तेव्हाचा — आमच्या काळी इथं संध्याकाळी फाटकाबाहेर रांग लागायची. काठ्या कमी पडायच्या, दोन भावंडांत एक. उंच काठ्या मोठ्यांना, ठेंगण्या लहानांना, आणि जी एक काठी मधून वाकडी होती ना तिला आम्ही आजीबाई म्हणायचो, ती ज्याच्या वाट्याला यायची तो रडायचा, आणि गंमत म्हणजे आजीबाईनंच मारलेला बॉल बरोबर जायचा. रंगीत बॉल असायचे. लाल कुणाला मिळणार यावरून मारामाऱ्या. मी एकीच्या वेणीला गाठ मारली होती लाल बॉलसाठी, खुर्चीसकट. आणि चिडका म्हणून एक पोरगा यायचा, हरला की काठी टाकून घरी जायचा, आणि दुसऱ्या दिवशी उघडायच्या आधी फाटकाशी हजर. आता तो मोबाइलच्या दुकानात असतो. परवा मी त्याला म्हटलं, ये ना एक डाव, तर म्हणतो, चालू आहे अजून ते? असं. चालू आहे अजून ते. मी त्याच्या दुकानातल्या सगळ्या फोनांत पहाटे चारचा गजर लावून आले.

हां, आता हा पूल. इथं वेग नको, सरळपणा हवा, म्हणून मला हा कधी जमला नाही. कोट काढताय? काढा, द्या इकडे. बघा, आता तुम्ही खेळायला लागलात. सुरुवातीला खेळत नव्हतात, उरकत होतात. मला दिसतं ना ते, मी वर्षानुवर्षं माणसांचे गुडघे बघत आलेय. उरकणाऱ्याचे गुडघे ताठ असतात, खेळणाऱ्याचे वाकतात. तुमचे आता वाकले. एक डोळा मिटून बघताय, जीभ बाहेर काढलीत — नाही नाही, असू दे, जीभ बाहेर काढल्याशिवाय पूल ओलांडत नाही कुणी. — ओहो. काका. पडायच्या आधी कडेवर थांबला आणि मग गेला. हे शिकून येत नाही. मारा टाळी. तुमच्या हाताला केवढा गंज लागलाय हो.

ही चक्की. हिच्यासाठीच आलात ना? बघून घ्या नीट. पंख्याची चार पाती, खाली हे भोक, पातं भोकासमोरून सरकलं की तेवढ्या वेळात बॉल आत घालायचा, नाहीतर पातं त्याला टोला देतं आणि बॉल परत आपल्याकडे. वाऱ्यानं? नाही हो, वाऱ्यानं कसली फिरते. मोटर होती, ती मी रांगत होते तेव्हाच जळाली. मग फिरते कशी — आता हे कुणाला सांगायचं नसतं, पण तुम्ही तर तिला तोडायलाच आलात, तुमच्यापासून काय लपवायचं — इकडे या, मागे. हे छोटं दार दिसतंय? उघडा. आत स्टूल आहे. आणि सायकलचं पायडल, हातानं फिरवायचं. साखळी वर जाते. आणि ही समोर खिडकीत रंगवलेली मांजर आहे ना, तिच्या डोळ्यांत भोकं आहेत. कळलं का आता? मामा. इतकी वर्षं आत मामा. बाहेर तिकीट मामी फाडणार आणि आत मामा पायडल फिरवणार, आणि सगळ्या गावाला वाटतंय, काय झकास मोटर आहे यांची, कधी बंद पडत नाही.

आणि नुसतं फिरवत नाही ना तो, काका. तो ठरवतो. मांजरीच्या डोळ्यांतून बघतो कोण आलंय आणि त्याप्रमाणे हात आवरतो. वाढदिवसाच्या पोराचा बॉल आत गेलाच पाहिजे. ज्याचं पोट बिघडलंय, ज्याला बहिणीनं दिवसभर चिडवलंय, जो पहिल्यांदाच काठी धरतोय, त्यांचा जाणारच, पातं असं अदबीनं बाजूला होणार. आणि बाप लोक — बाप लोकांना अजिबात सोडायचं नाही, हा कायदा. पोराच्या हातातून काठी ओढून ‘सरक, मी दाखवतो’ म्हणणारा बाप आला की मामा आत नुसता जागा होतो. एक आले होते, पांढरे बूट, पोरगी कंटाळून जमिनीवर फतकल मारून बसलेली, आणि हे मारतायत, मारतायत, पातं टोलवतंय, टोलवतंय, बुटांना घाम फुटायची वेळ आली. शेवटी पोरगी उठली, तिनं बॉलला नुसती लाथ मारली. सरळ आत. त्या माणसाचं तोंड बघून मी फाटकापर्यंत लोळत गेले. आतून मामाचा आवाज नाही काही, फक्त चक्की थरथरत होती.

मामीपण तशीच सापडली त्याला. मामी तेव्हा मामी नव्हती, कुणीतरी पोरगी होती, बहिणींबरोबर आलेली. बहिणींचे बॉल पटापट आत. हिचा जाईना. मारतेय आणि परत, मारतेय आणि परत. बहिणी म्हणतात, चल, अंधार पडला, ही म्हणते, थांबा, हा घालूनच येते. मामाचं आत काय चाललं असेल बघा, पोरगी आवडलेली, बॉल सोडला तर ती जाणार, म्हणून सोडतच नाही. हिला शेवटी संशय आला. काठी घेऊन मागे आली, दार उघडलं, आत हा, घामानं निथळतोय. ती काय म्हणाली माहितीये? म्हणाली, दमलास का, सरक, मी फिरवते. संपलं. त्यावर लग्न. आता कुणी माणूस आवडला म्हणून अडकवून ठेवणं वेगळं आणि माणूस नकोसा आहे म्हणून अडकवून ठेवणं वेगळं — तुमचं नाही हो म्हणत मी. तुम्ही मारा. मारत राहा. पाती थांबलेली आहेत म्हणून सोपं समजू नका, थांबलेल्यात मजा नाही, मी देते फिरवून, थांबा — मला आत जायला वेळ लागतो — तोवर मामीची बसही येईल.

कुठं काय? बस म्हटलं. पाचची बस. मामी येते त्यानं, हॉस्पिटलच्या धुलाईघरात आहे ती, चादरी धुते. हो, येऊ दे की, तुम्हाला भेटेल, चहा करेल. — काका, असं बघू नका. बरं, सांगते. मारायचं नाही मला. मी तिची वाट बघतेय. अट बिट काही नाही, अट मी केली, तुम्ही फाटकातून आत येताना केली, बाकाच्या हिरव्या रंगाच्या बादलीशी उभी होते तेव्हा सुचली. मामा हे तिला न सांगता विकतोय ना. त्याशिवाय का म्हणाला फोन करू नको? मामीला कळलं तर ती उभी आडवी पसरेल या चक्कीसमोर. तिला मी ओळखते, एकदा एक माणूस हत्तीवर जाहिरात रंगवायला आला तर तिनं त्याचा ब्रश घेऊन त्याच्याच शर्टावर — म्हणून म्हटलं, पाचपर्यंत तुम्हाला खेळवायचं. बास. पाच वाजले की मामी आली, मामी आली की तुम्ही रिकामे गेलात, आणि रिकामे तरी कुठं, पूल ओलांडलात, ते काय कमी आहे.

आणि त्याला विकायचं का आहे तेही मला माहितीये. चिडलाय तो स्वतःवरच. गेल्या आठवड्यात, ऐका, फार हसण्यासारखं आहे — एकही माणूस नव्हता इथं, एकही, आणि मामा आत बसून फिरवतोय. मी म्हटलं, कुणासाठी? तर आतून म्हणतो, रस्त्यावरून जाणाऱ्याला फिरती दिसली पाहिजे, थांबलेली दिसली तर कोण आत येईल? बरं म्हटलं. जेवायला हाक मारली तर येईना. खांदा आखडला होता त्याचा. असा वर गेलेला हात वरच. दार एवढंसं, हात खाली येत नाही, मामा बाहेर येत नाही. मग मी आणि मामीनं त्याचे पाय धरून त्याला ओढला, बाटलीतून बूच काढतात तसा, आणि तो बाहेर आला तो हात वर करूनच, हजेरी दिल्यासारखा, आणि हसत सुटला, आणि मी तर इतकी हसले की मला उचकी लागली. मामी नाही हसली. तिला कधीकधी विनोद कळत नाही. ती त्याच्या खांद्याला तेल लावत बसली, आणि नुसती चक्कीकडे बघत होती.

काय?

फोन कुणी केला म्हणालात? — नाही. तुमची गल्लत होतेय. बायकी आवाज कुणाचाही असतो, मामा फोनवर बायकीच वाटतो. — मागे धडधड येत होती? सारखी? मोठ्या मोठ्या मशिनांसारखी? — मोठ्यानं बोलत होती, ऐकू जात नसल्यासारखी. हां. मग ती धुलाईघरातूनच बोलत होती. काय म्हणाली? नीट सांगा, जसं म्हणाली तसं. — चक्की तेवढी न्या. बाकीचं राहिलं तरी चालेल, हत्ती राहू दे, पूल राहू दे, चक्की आधी न्या. — आणि? — मी घरी नसताना न्या. आज जादा पाळी घेतली आहे, रात्रीपर्यंत येणार नाही.

म्हणजे पाचच्या बसला ती नाहीच.

नाही, ठीक आहे मी. थांबा जरा. — म्हणजे मामाला माहीत आहे. दोघांनी मिळूनच ठरवलं, रात्री कुजबुजत होते ते हेच, मला वाटलं माझ्याच शाळेचं काहीतरी. आणि दोघांनाही बघवेना म्हणून हा केलेलीच दाढी परत करायला गेला आणि ती चादरी धुतेय. आणि फोन करू नको कशाला, तर माझा आवाज ऐकला असता तर ती फिरली असती, आणि ती फिरली की हाही. आणि इथं ठेवली कुणाला? मला. ही काय, हिला सगळ्यात मजाच दिसते, ही बघेल. असं वाटलं त्यांना. — नाही, बरोबरच आहे त्यांचं, मी पायात पाय घालून पाडणारी, माझ्या अंगाला काय चिकटतंय. मी हसले होते ना. उचकी लागेपर्यंत.

काका, असे जवळ येऊ नका. आणि रुमाल नको. तो रुमाल आहे का? मला वाटलं, साखळी पुसायची चिंधी. — बघा, हसले मी. झालं.

एक मात्र तुम्हाला सांगून टाकते, नाहीतर तुम्ही चक्की चढवाल आणि मग कळेल. मागच्या डाव्या चाकात हवा नाही. तुम्ही ट्रक आत घेऊन फाटकाची कडी लावत होतात तेव्हा मी पलीकडून — बसून गेलंय बिचारं, जा बघा, नको, नका बघू. पंप आहे मामाच्या खोलीत, मी भरून देईन, हाताचा पंप आहे, वेळ लागतो, पण मी जोरात मारते. आणि वरचा बोल्ट तुमच्या पान्यानं सरळ फिरवलात तर पाना तुटेल, तो उलटा आहे, मोटरीऐवजी साखळी बसवताना मामानं उलटा घातला, डावीकडे फिरवायचा. हे मी सांगणार नव्हते. पाना तुटला असता म्हणजे उद्यापर्यंत गेलं असतं काम. आता सांगितलं. पाती वेगवेगळी नका काढू, एकेक पातं काढलंत तर उरलेली लटकतात, वेडीवाकडी दिसते ती, सगळा पंखा एकदम उतरवा. आणि हे पायडल मी ठेवून घेणार. ते भंगारात धरायचं नाही. मामाला मात्र दाखवणार नाही मी, तो लगेच त्याला चाक शोधायला लागेल.

पण तुम्ही अजून पाना उचलला नाहीत. — काठीच धरून उभे आहात की. का हो? — डाव राहिलाय? अट तर खोटी होती, मी सांगितलं ना आत्ता. — तरी? शेवटचा खड्डा तेवढा सोडून जायचं नाही म्हणता. घ्या, म्हणजे तुम्हालाही चटक लागली. ज्याला लागते त्याला अशीच लागते, एक राहिला, एक राहिला म्हणत माणसं इथं जेवायच्या वेळा विसरायची. थांबलेल्या पात्यांतून घालणार? त्यात काय आहे, उघड्या दारातून म्हैसही जाते. कुणीतरी फिरवायला पाहिजे.

बरं. लाल घ्या. खिशात एकच लाल होता, मी तुम्हाला देणार नव्हते तो. ही रेघ, रेघेच्या मागे पाय. मी आत जाते. सोडीन की टोलवीन ते नाही सांगणार, तुम्ही बाप आहात की नाही तेही मी विचारलेलं नाही अजून, आणि आता विचारत नाही. सरका, मला वाकू द्या, हे दार माझ्याही मापाचं राहिलेलं नाही बघा, गुडघे कानाशी येतात. इथं मामाच्या तेलाचा वास येतो. — दिसतंय मला, हो, तुमचे बूट दिसतायत, आणि काठीचं टोक. ऐका, आता यापुढे हाक मारू नका. आत बसलेल्यानं तोंड उघडायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही, बाहेरच्याला कळता कामा नये की आत कुणी आहे. मला हे कधी जमलेलं नाही, मामा म्हणायचा, हिला आत बसवलं की चक्की बोलायला लागते. दार बाहेरून लोटा, आतून कडी नाही. लोटलं? अजून जरा. हां.

मारा.